स्टेजवर फक्त लॅपटॉप! मग कलाकार ‘लाइव्ह’ नक्की काय करतो?

इलेक्ट्रॉनिक संगीताच्या कार्यक्रमात अनेकदा स्टेजवर एक माणूस आणि एक लॅपटॉप एवढंच दिसतं. गिटारवर फिरणारी बोटं दिसतात, लॅपटॉपची स्क्रीन मात्र दिसत नाही. मग तो खरंच वाजवतोय, की आधीच रेकॉर्ड केलेलं लावलंय? तिकीट काढून आलेल्याला ही शंका येणारच.

‘लाइव्ह कोडिंग’ करणाऱ्यांनी यावर साधा उपाय काढला. स्क्रीनच सगळ्यांना दाखवायची! २००४ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये ‘टॉपलॅप’ हा गट सुरू झाला. प्रेक्षकांना स्क्रीन दाखवा, हा त्यांचा आग्रह. कलाकार ‘टायडल सायकल्स’सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कोड लिहितो, तो मागच्या पडद्यावर दिसतो. एक ओळ बदलून चालवली की ताल बदलतो. अशा संगीतावर लोक नाचतात, त्या कार्यक्रमांना ‘अल्गोरेव्ह’ म्हणतात. २०१२ च्या सुमारास ते ब्रिटनमध्ये सुरू झाले.

कोड चुकला तर? आवाज बिघडतो, कधी बंदही पडतो. तेही सगळ्यांसमोर. चुकण्याची ही शक्यता आहे, म्हणूनच ते ‘लाइव्ह’ आहे.

पुढच्या वेळी अल्गोरेव्हचा व्हिडिओ दिसला, तर पडद्यावर बदलणारी ओळ बघा आणि त्याच क्षणी बदलणारा आवाज ऐका.