उशाखालची वही छापखान्यात नेताना

गावात कुणाच्या घरी बसलो, चहा झाला, गप्पा रंगल्या, की घरधनी हळूच उशाखालची वही काढतो. कुणाच्या वहीत अभंग-कविता, कुणाच्या वहीत चाळीस वर्षांच्या पेरणीच्या नोंदी, कुणी गावाचा इतिहास लिहिलेला. ‘छापा की,’ म्हटलं की उत्तर ठरलेलं, ‘छे हो, आपण कुठले लेखक? लोक हसतील.’ अन् वही पुन्हा उशाखाली.

हेच उत्तर मीही दहा वर्षं देत होतो. माझ्या आज्यानं गावातल्या विहिरींची वही ठेवली होती. कोणती विहीर किती हात खोल, पाणी कोणत्या थरात लागलं, 1972 च्या दुष्काळात कोणती आटली अन् कोणती टिकली. त्यात माझी भर घालून मी पुस्तक लिहिलं. प्रकाशकांकडून उत्तर आलं नाही, तेव्हा स्वखर्चानं छापायचं ठरवलं. खरी घाबरगुंडी तिथून सुरू झाली. अक्षरजुळणी, मुद्रितं तपासणं, मुखपृष्ठ, कागद, विक्री. कुठून हात घालावा तेच कळेना. ‘हजार छापा, प्रत स्वस्त पडेल,’ असं छपाईवाल्यानं सांगितलं. सोयाबीनचे पैसे त्यात गेले. पुस्तक हाती आलं अन् पाहतो तर अर्पणपत्रिकेत आईचंच नाव चुकलेलं!

आठ दिवस मी घराबाहेर पडलो नाही. शेवटी आईला सांगितलं. ती म्हणाली, ‘मले कुठं वाचता येते रे? विहिरी बरोबर लिहिल्या ना? मंग झालं.’

बंधूंनो, या भीतीला आपण एकटेच धनी नाही. आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं. 1882 साली ते पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं. प्रती 500, किंमत नऊ आणे. हा आपला पहिलाच प्रयत्न आहे, असं त्यांनी प्रस्तावनेत मोकळेपणानं सांगितलं. पुस्तकावर टीकेची झोड उठली. महात्मा फुल्यांनी ‘सत्सार’मधून 1885 साली त्यांची बाजू घेतली. पुढं ते पुस्तक विस्मरणात गेलं. 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं, अन् आज अभ्यासक ते मानानं वाचतात. ताराबाईंनी लोक हसतील म्हणून वही झाकून ठेवली असती, तर मालशांना काय सापडलं असतं?

खुद्द फुल्यांची गोष्ट घ्या. ‘शेतकऱ्याचा असूड’ त्यांनी 1883 साली पुरा केला. ‘दीनबंधु’त पहिले काही भाग आले अन् पुढचे छापणं थांबलं. पुरं पुस्तक त्यांच्या हयातीत निघालं नाही. पण त्यांनी छापखान्याची वाट पाहिली नव्हती. जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना जमवून त्यांनी त्यातले भाग वाचून दाखवले होते.

यातच नव्या लेखकानं घेण्यासारखं पहिलं औषध आहे. आधी चार माणसांना वाचून दाखवा. पारावर, देवळात, कुठंही. ऐकणारा कुठं कंटाळतो अन् कुठं ‘पुन्हा वाचा’ म्हणतो, हे बघा. ‘मला येतं का?’ या प्रश्नाचं उत्तर एकट्यानं विचार करून मिळत नाही, ऐकणाऱ्याच्या तोंडावर दिसतं.

दुसरं, कामाचा डोंगर एकदम बघू नका. सगळं वावर एका दमात डवरून होत नाही, तास धरूनच चालावं लागतं. आधी मजकूर पुरा करा. तो हातावेगळा झाल्याशिवाय मुखपृष्ठाचा विचारसुद्धा नको. मग अक्षरजुळणी, मग मुद्रितं. मुद्रितं कागदावर काढा अन् दिवसाउजेडी मोठ्यानं वाचा. एकदा दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. नावं, तारखा अन् आकडे वेगळे तपासा. मी रात्री घाईत तपासले, त्याचं फळ वर सांगितलंच आहे.

तिसरं, प्रती मोजून छापा. पुस्तक बहुधा सोळा पानांच्या फॉर्म्यात छापतात, म्हणजे 96 पानांना सहा फॉर्मे. ऑफसेटला प्लेटांचा खर्च शंभर प्रतींना तोच अन् हजारांनाही तोच, म्हणून जास्त छापल्या की एक प्रत स्वस्त दिसते. पण खाटेखाली पडलेली प्रत कधीच स्वस्त नसते. आता डिजिटल छपाईत पन्नास-शंभर प्रतीही निघतात. प्रत थोडी महाग पडते, पण घरचा पैसा अडकत नाही. पुस्तकाच्या विक्रीवर कर्ज फिटेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, अन् पुस्तकासाठी कर्जही काढू नका.

चौथं, सरकारी बाबींना भिऊ नका. आयएसबीएन क्रमांक केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे मोजायचं कारण नाही. लेखनाचा हक्क लिहिताक्षणीच लेखकाचा होतो. नोंदणी सक्तीची नाही. तो हयातभर अन् पुढं साठ वर्षं टिकतो. पुस्तक निघाल्यावर 1954 च्या कायद्याप्रमाणे कोलकाता, चेन्नई, मुंबई अन् दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते. हे ओझं समजू नका. गावातली प्रत हरवली तरी तिथली राहील.

माझ्या हजारांपैकी तीनशे प्रती गेल्या. बाकीचे गठ्ठे अजून खाटेखाली आहेत. पण गेल्या उन्हाळ्यात सरपंच अन् शेतीखात्याचे साहेब पुस्तक हातात घेऊन दारात आले. जुन्या विहिरींच्या पुनर्भरणासाठी यादी करायची होती. बुजलेल्या चार विहिरींचा पत्ता त्या पुस्तकाशिवाय कुठंच नव्हता. आज्याला जाऊन तीस वर्षं झाली. वही उशाखालीच राहिली असती, तर एव्हाना वाळवीनं खाल्ली असती. नाव चुकलेलं पुस्तक कामी आलं.

तेव्हा आज रात्री जेवणं उरकली की वही बाहेर काढा, घरच्यांना बसवा, अन् एक पान मोठ्यानं वाचा.