मधल्या भांड्यातले गरम चीज

वाढदिवसाला मुले आता चीज डिप मागतात. गरम, घट्ट चीज मध्ये ठेवायचे आणि सगळ्यांनी त्यात बुडवून खायचे. सातारा-सांगलीकडच्या आपल्या घरांत ओव्हन नसतो आणि चीजचे पाकीट महाग पडते. तरी हा पदार्थ घरी होतो, आणि दुकानातल्यापेक्षा चांगला होतो.

एक लिटर म्हशीचे दूध उकळी फुटेपर्यंत तापवा. कच्च्या, धारोष्ण दुधातून जनावरांचा क्षय आणि ब्रुसेला हा तापाचा आजार माणसाला होऊ शकतो, म्हणून उकळी चुकवू नका. गॅस बंद करून लिंबाचा रस थोड्या पाण्यात मिसळून हळूहळू घाला. दूध फाटले की कापडातून गाळा. साधारण २०० ग्रॅम पनीर मिळते. पिवळसर पाणी ओतून देऊ नका, कणीक त्यातच मळा.

पनीर कितीही तापवले तरी चीजसारखे वितळत नाही. म्हणून ते अर्धी वाटी दूध घालून मिक्सरमधून गुळगुळीत काढा. त्यात चीजची एकच वडी किसून, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, बारीक कांदा आणि चिमूटभर हळद घाला. सांगलीत राहून पिवळ्या रंगासाठी दुसरे काय शोधायचे! मिश्रण स्टीलच्या पसरट डब्यात भरा. जाड कढईत जाडे मीठ पसरून त्यावर स्टँड ठेवा, झाकण लावून दहा मिनिटे तापवा, मग डबा आत ठेवून मंद आचेवर वीस मिनिटे भाजा. कडा फुगल्या की झाले. ज्वारीच्या कडक भाकरीचे तुकडे, गाजर, काकडी यांच्याबरोबर छान लागते.

वरून मीठ घालू नका. १०० ग्रॅम प्रोसेस्ड चीजमध्ये तीन ग्रॅमच्या आसपास मीठ असते, आणि मोठ्या माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमच्या आतच मीठ हवे. पाकिटावर सोडियम लिहिलेले असते, त्याला अडीचने गुणले की मीठ कळते. घरात बीपीचे औषध चालू असेल तर हा हिशोब कराच.

आता एकत्र खाण्याविषयी. घरात कुणाला टीबी असला की त्याचे ताट-वाटी वेगळी काढली जाते, आणि अशा दिवशी तो माणूस कोपऱ्यात बसतो. हे अजिबात करू नका. टीबी खोकल्यातून, हवेवाटे पसरतो. ताटातून, चमच्यातून नाही. वेगळे काढलेले भांडे काय असते हे आपल्या लोकांना कुणी सांगायला नको. उपचाराचे पहिले काही आठवडे रुग्णाने खोकताना तोंडावर रुमाल धरावा, बैठक अंगणात किंवा खिडक्या उघड्या ठेवून घालावी, एवढे बास. उलट दूध-पनीर त्याच्या पानात आधी वाढा, त्याला प्रथिनांची जास्त गरज असते. सरकारी नोंद असलेल्या रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १००० रुपये मिळतात. मिळत नसतील तर आशाताईंना विचारा.

जुलाब आणि कावीळ मात्र अस्वच्छ हातांतून पसरतात. म्हणून आधी सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे. ज्याला जुलाब होत आहेत त्याने त्या दिवशी वाढायला बसू नये. उष्टा तुकडा पुन्हा भांड्यात बुडवू नये. लहान मुलांना वाटीत वेगळे काढून दिले की भांडणही होत नाही. उरलेले दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. फ्रीज नसेल तर त्याच रात्री चपातीत भरून, भाजून संपवा.