अंगणातलं काँक्रीट घोटू नका

हवा जरा उबदार झाली की केंब्रिजमधल्या आपल्या घरांत हा विषय निघतोच: दारापुढची वाट, मागचं अंगण, गाडीची जागा काँक्रीटची करायची, पण वरून कशी?

आपल्या डोळ्यांसमोर असतो गावाकडचा कोबा. थापीनं घोटून आरशासारखा केलेला, अनवाणी पायांना गार लागणारा. इथे उघड्यावर तो नकोच. हिवाळ्यात ऊन तिरकं आणि दुबळं. घराच्या उत्तरेला जमीन दिवसेंदिवस ओली राहते, शेवाळ धरते. त्यावर पहाटे बर्फाचा पापुद्रा आला, की भारतातून आलेल्या आजी-आजोबांचा पाय घसरायला कितीसा वेळ?

म्हणून आमचं मत सरळ आहे: ब्रश्ड फिनिश घ्या. काँक्रीट सपाट करून जरा आवळलं की त्यावरून कडक ब्रश एकाच दिशेनं ओढतात. रेघा चालण्याच्या दिशेला आडव्या ओढायला सांगा. खडी उघडी ठेवलेला पृष्ठभाग देखणा, पकडही उत्तम, पण खर्चिक. दगडाचा छाप मारलेलं काँक्रीट सुरुवातीला झळकतं. मात्र दर काही वर्षांनी सीलर द्यावा लागतो, आणि तो चकचकीत निवडलात तर पुन्हा घसरगुंडी.

आता आतलं मिश्रण. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि काँक्रीटचे टवके उडवतं. त्यासाठी मिश्रणात हवेचे बारीक बुडबुडे मुद्दाम ठेवतात. त्या दाबाला तेवढी जागा मिळते. असं काँक्रीट फार घोटलं तर वरचा थरच सुटू शकतो. गाडीच्या जागेसाठी ‘पीएव्ही-१’ हे मिश्रण मागा. पहिल्या हिवाळ्यात त्यावर मीठ टाकू नका, वाळू टाका.

घरापुढच्या बागेत हे करणार असाल तर आधी पाण्याची वाट ठरवा. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २००८ पासून नियम आहे: ५ चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवर पाणी न मुरणारा थर घालायचा आणि ते पाणी हिरवळीत किंवा वाफ्यात सोडायचं नाही, तर नियोजन परवानगी लागते. उतार वाफ्याकडे दिला की प्रश्न मिटला.

आणि रांगोळी? ती खरबरीत रेघांत अडकते, हे खरं. उंबऱ्यापाशी, छपराखाली, हातभर चौकोन गुळगुळीत ठेवून घ्या. तेवढा लाड चालतो.