पार्सलची पिशवी पाठीवर घेण्याआधी : माढ्यातल्या तरुणांशी थोडे हिशेबाचे बोलणे

गणपती बसले की माढा, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, मोडनिंब या पट्ट्यात पार्सल पोचवणाऱ्या पोरांची मागणी वाढते. दसरा आणि दिवाळीच्या तोंडावर ऑनलाइन खरेदीचे सेल लागतात आणि एकेका हबला जास्तीची माणसे लागतात. ‘गाडी आहे का? लायसन आहे का? उद्यापासून ये,’ एवढ्या बोलण्यावर काम मिळते. बारावी झालेले, आयटीआय केलेले, भरतीचा अभ्यास करणारे आपल्या वस्तीतले कितीतरी तरुण या हंगामी कामावर जातात. कामात कमीपणा काहीच नाही. पण काम सुरू करण्याआधी काय विचारायचे आणि काय लिहून ठेवायचे, हे त्यांना कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

आपल्याला या कामाचा इतिहास आहे

गावचा सांगावा नेणे, सरकारी कागद तालुक्याला पोचवणे, सरकारी खजिन्याबरोबर चालणे, आलेल्या अधिकाऱ्याचे सामान वाहणे ही महार वतनातली कामे होती. म्हणजे पोचवण्याचे काम आपल्या पणजोबांनीही केले. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे बिल मांडले, तेव्हा त्यांचा आक्षेप कामावर नव्हता, कामाच्या अटींवर होता. तास ठरलेले नाहीत, वतनदार चोवीस तास बांधील. मोबदला ठरलेला नाही, तो बलुत्यावर आणि तुटपुंज्या इनामावर अवलंबून. आणि वतनदार जागेवर नसेल तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या माणसाला कामाला जुंपायचे. ही वतने शेवटी १९५८ च्या कायद्याने संपली.

आजचे काम वतन नाही. नको वाटले तर उद्या सोडता येते, हा फरक मोठा आहे. तरीही तास, दर आणि नाव या तीन गोष्टी आजही तपासून घ्याव्या लागतात. त्या ठरल्या नाहीत तर चांगल्या कामाचीही वेठ होते.

पहिली गोष्ट : काम कोणाच्या नावावर?

आपल्या भागात एक प्रकार सर्रास चालतो. एकाच्या नावाचा आयडी, आणि प्रत्यक्ष गाडी फिरवणारा त्याचा भाऊ किंवा मित्र. हंगामात माणूस कमी पडला की ‘याच्याच आयडीवर चालू दे’ असे सांगितले जाते. यात धोका गाडी चालवणाऱ्याला आहे. अपघात झाला तर कंपनीच्या नोंदीत तो नसतोच. पैसे दुसऱ्याच्या खात्यावर जातात आणि कामाचे दिवसही दुसऱ्याच्या नावावर मोजले जातात. आयडी स्वतःच्याच नावाचा घ्या. आधार, पॅन, बँक पासबुक, लायसन, गाडीचे आरसी, विमा आणि पीयूसी एवढी कागदपत्रे तयार ठेवा. मूळ कागद कोणाकडे ठेवू नका, झेरॉक्स द्या. काम लावून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

मग विचारा, मी कोणाचा माणूस? काही ठिकाणी ठेकेदार महिन्याच्या पगारावर घेतो. तसे असेल तर नेमणुकीचे पत्र मागा. पीएफ कापत असतील तर यूएएन क्रमांक मागा, ईएसआय असेल तर त्याचा क्रमांक मागा. काही ठिकाणी नगावर पैसे मिळतात आणि तुम्हाला ‘पार्टनर’ म्हटले जाते. तेव्हा कायद्याच्या भाषेत तुम्ही बहुधा गिग कामगार असता. किमान वेतन आणि पीएफ हे कर्मचाऱ्याचे हक्क गिग कामगाराला आपोआप लागू होत नाहीत. नावात ‘पार्टनर’ असले तरी पेट्रोल तुमचे, गाडी तुमची आणि जोखीमही तुमचीच असते.

दुसरी गोष्ट : दर आणि खरा हिशेब

एका नगाला किती, हे सगळे विचारतात. त्याबरोबर आणखी चार प्रश्न विचारा. ग्राहक घरी नसल्याने दुसऱ्यांदा जावे लागले तर पैसे मिळतात का? परत आणलेल्या पार्सलचे काय? गावातल्या आणि वस्तीवरच्या नगाचा दर एकच आहे का? पैसे आठवड्याला मिळतात की महिन्याला?

माढा शहरात एका गल्लीत दहा पार्सले संपतात. तालुक्यात तसे नसते. पत्ता ‘अमक्याच्या मळ्यातली वस्ती’ असा असतो, नकाशा ओढ्याच्या अलीकडेच थांबतो आणि फोनला रेंज नसते. म्हणून किलोमीटर मोजा. उदाहरणादाखल हिशेब करू. समजा दिवसाला ५० नग पोचवले आणि नगाला १२ रुपये मिळाले, तर ६०० रुपये झाले. गाडी १०० किलोमीटर फिरली, लिटरला ५० किलोमीटर जाते आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर २१० रुपये पेट्रोलचे गेले. टायर, ऑइल, सर्व्हिसिंगचे ५० रुपये आणि मोबाइलचे १० रुपये धरा. हातात उरले ३३०. सकाळी आठ ते संध्याकाळी सात असे ११ तास काम केले असेल तर तासाला ३० रुपये पडले. महाराष्ट्रात २०२५-२६ मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती, ती शेजारी ठेवून पाहा. तुमचे आकडे वेगळे असतील, पण हिशेब याच रीतीने करा. पहिले सात दिवस वहीत लिहा आणि मगच काम परवडते की नाही ते ठरवा.

तिसरी गोष्ट : रोख पैसे आणि आपले नाव

कॅश ऑन डिलिव्हरीची रक्कम संध्याकाळी भरायची असते. कमी पडली तर ती तुमच्या पैशातून कापली जाते. त्यामुळे ती रक्कम घरच्या खर्चाला तात्पुरतीही वापरू नका. रोजच्या रोज भरा आणि भरल्याचा स्क्रीनशॉट ठेवा. हबमधून माल घेताना नग मोजा. फाटलेले किंवा ओले पार्सल असेल तर तिथेच फोटो काढून दाखवा. ग्राहकाने ओटीपी दिल्याशिवाय वस्तू हातात देऊ नका.

दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी मालक आणि कामगार या दोघांची कर्तव्ये सांगितली आहेत. कामगाराने दिले आहे तेवढेच घ्यावे आणि काम नीट करावे. मालकाने ताकदीप्रमाणे काम द्यावे, जेवण आणि मजुरी द्यावी, आजारपणात काळजी घ्यावी, वेळेवर सुट्टी द्यावी. आपण पहिली बाजू चोख पाळू. म्हणजे दुसरी बाजू मागताना आपला आवाज खाली येणार नाही.

दारात जात विचारली जाते, हेही लपवायला नको. पार्सल घेताना ‘आडनाव काय? कुठल्या आळीतला?’ असे प्रश्न येतात. राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तरी पार्सलवरच्या पत्त्यात जुनी नावे अजून दिसतात. आपल्या वस्तीतल्या लोकांनी निदान स्वतःच्या मोबाइलमधला पत्ता ‘भीमनगर’, ‘समतानगर’ असा बदलून घ्यावा. चारचौघांत कोणी जातीवरून शिवीगाळ केली तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. तिथे हातघाईवर येऊ नका. वेळ, जागा आणि साक्षीदार यांची नोंद करा आणि कार्यकर्त्यांना कळवा.

चौथी गोष्ट : अपघात

दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर अंधारात मागचा दिवा नसताना चालतात. पुणे-सोलापूर महामार्गावर आणि गावच्या रस्त्यावर संध्याकाळी सातनंतर शेवटचे पाच नग संपवायची घाई जिवावर बेतू शकते. ते नग उद्या जातील.

हेल्मेट घाला. गाडीचा विमा चालू आहे का ते पाहा आणि विमा एजंटाला स्पष्ट विचारा, ‘या गाडीवर मी पार्सल पोचवतो, चालेल का?’ खासगी वापराच्या पॉलिसीवर धंद्याचे काम केले तर कंपनी दाव्याला हरकत घेऊ शकते. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा लायसन असलेल्या गाडीमालकासाठी असतो. मित्राच्या गाडीवर फिरणाऱ्याने त्यावर विसंबू नये. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा बँकेतून मिळतो. तो आजच काढा. अपघात झालाच तर १०८ ला फोन करा. मे २०२५ पासून रस्ता अपघातातील जखमीला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत रोकडरहित उपचारांची केंद्राची योजना आहे. रुग्णालयात तिचे नाव घेऊन मागणी करा.

नव्वद दिवसांचा प्रश्न

नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात देशात २०२०-२१ मध्ये ७७ लाख गिग कामगार असल्याचा आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात गिग कामगार प्रथमच कायद्याच्या व्याख्येत आला. कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या सुरक्षेसाठी द्यावी, अशी तरतूद तिच्यात आहे.

पण ३० डिसेंबर २०२५ च्या मसुदा नियमांत एक अट आहे. आर्थिक वर्षात एका कंपनीसाठी किमान ९० दिवस, किंवा अनेक कंपन्यांसाठी मिळून १२० दिवस काम झालेले असावे. गणपती ते दिवाळी मोजले तरी साधारण दोन महिने होतात. म्हणजे ऐन गर्दीत सर्वांत जास्त राबणारा हंगामी कामगारच या छत्रीबाहेर राहू शकतो. हंगामी माणसाला कमी लेखणे जुनेच आहे. १९३४ च्या कारखाने कायद्यात बारमाही कारखान्यांना आठवड्याला ५४ तासांची मर्यादा होती आणि हंगामी कारखान्यांना ६० तासांची. बाबासाहेब मजूरमंत्री असताना आलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांचे तास ४८ वर आले.

मसुद्याप्रमाणे एखाद्या दिवशी थोडीही कमाई झाली तरी तो दिवस मोजला जातो. म्हणून दिवाळीनंतर एकदम काम सोडण्याऐवजी अभ्यास सांभाळून मार्चअखेरपर्यंत रविवारी किंवा सुट्टीला काम चालू ठेवता आले तर ९० चा आकडा गाठता येईल. कामाच्या प्रत्येक दिवसाचा स्क्रीनशॉट ठेवा. ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करा. ती मोफत आहे आणि मदतीसाठी १४४३४ हा क्रमांक आहे.

विहाराने काय करावे?

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांत वर्षावास असतो, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. पार्सलचा हंगाम याच काळात सुरू होतो. कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे की वर्षावासाच्या पहिल्याच आठवड्यात वाचनानंतर अर्धा तास या कामासाठी ठेवा. शिकाऊ लायसननंतर पक्के लायसन काढायला किमान ३० दिवस थांबावे लागते. आषाढात सुरुवात केली तरच गणपतीपर्यंत लायसन हातात येईल. त्याच बैठकीत ई-श्रमची नोंदणी करा, २० रुपयांच्या विम्याचे अर्ज भरून घ्या आणि तालुक्यात पार्सलचे काम करणाऱ्या सर्व समाजांच्या मुलामुलींची एक यादी करा. अपघात झाला, पैसे अडले, तर कोणाला फोन करायचा हे त्या यादीवर लिहा.

२५ आणि ३१ डिसेंबर २०२५ ला मोठ्या शहरांतल्या गिग कामगारांनी संप करून आपले म्हणणे मांडले. माढ्यात आज तशी संघटना उभी करणे अवघड आहे. यादी मात्र या रविवारी होऊ शकते. संघटित व्हा, याचा पहिला अर्थ एकमेकांचा फोन नंबर माहीत असणे हाच आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!