बोईसर मतदारसंघ : जागा आदिवासींची, मत सर्वांचे

बोईसरचा आमदार कोण, असे विचारले तर शाळकरी पोरही नाव सांगेल. पण तो कोणत्या निवडणुकीत कोणत्या पक्षाचा होता, असे विचारले की भलीभली माणसे थांबतात आणि बोटे मोजू लागतात. यात त्यांचा दोष नाही. या मतदारसंघाचा इतिहासच तसा आहे. तो आपल्या घराघरांतून समजून घेतला पाहिजे, कारण त्यात आपल्या मतांचाही वाटा आहे.

२००८ च्या मतदारसंघ फेररचनेपूर्वी बोईसर नावाचा विधानसभा मतदारसंघच नव्हता. फेररचनेत पालघर तालुक्याचा काही भाग आणि वसई तालुक्याचा काही भाग जोडून तो तयार झाला, क्रमांक १३१. तो अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. एका टोकाला तारापूर औद्योगिक वसाहतीचे कारखाने व कामगारांच्या चाळी, मध्ये महामार्गालगतचे आदिवासी पाडे आणि दुसऱ्या टोकाला वाढत्या वसई-विरारची हद्द, असा हा प्रदेश आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर हा वेगळा जिल्हा झाला. त्याच्या सहा जागांपैकी डहाणू, विक्रमगड, पालघर आणि बोईसर या चार जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. वसई व नालासोपारा या दोन खुल्या आहेत.

चार निवडणुका, दोन नावे

२००९ साली येथे पहिली निवडणूक झाली. हितेंद्र ठाकूर यांच्या बहुजन विकास आघाडीचे विलास तरे निवडून आले. २०१४ साली पुन्हा तेच, त्याच आघाडीकडून. २०१९ साली मात्र निवडणुकीच्या तोंडावर तरे शिवसेनेत गेले. आघाडीने राजेश पाटील यांना उभे केले. युतीत बंडखोरी झाली, मते फुटली आणि पाटील ३,००० हूनही कमी मतांनी विजयी झाले. आमदार बदलला, पण आघाडीची जागा आघाडीकडेच राहिली.

पुढे २०२२ साली शिवसेना फुटली. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव व धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिला. २०२४ साली याच धनुष्यबाणावर तरे पुन्हा उभे राहिले आणि मोठ्या फरकाने निवडून आले. त्याच निवडणुकीत आघाडीने वसई, नालासोपारा व बोईसर या आपल्या तिन्ही जागा गमावल्या. म्हणजे चार निवडणुकांत विजयी नावे दोनच. पहिल्या तीन वेळा आघाडी जिंकली, चौथ्या वेळी धनुष्यबाण.

शेजारच्या पालघर विधानसभा मतदारसंघात तर याहून मोठी फिरती झाली. राजेंद्र गावित २००९ साली काँग्रेसचे आमदार होते. खासदार चिंतामण वनगा यांच्या निधनानंतर २०१८ साली झालेल्या लोकसभा पोटनिवडणुकीत ते भाजपचे खासदार झाले, २०१९ साली शिवसेनेचे खासदार झाले आणि २०२४ साली शिंदे यांच्या शिवसेनेचे आमदार झाले. आम्ही कोणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. पक्ष बदलणे हा कायद्याच्या मर्यादेत प्रत्येकाचा हक्क आहे. पण पक्ष बदलताना मतदाराला कोणी विचारले काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

डहाणूचा झेंडा का टिकला?

याच जिल्ह्यात डहाणूचे चित्र निराळे आहे. २००९ साली तेथे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे राजाराम ओझरे निवडून आले. २०१४ साली ती जागा भाजपकडे गेली, पण २०१९ व २०२४ साली विनोद निकोले यांनी लाल बावटा पुन्हा उभा केला. पडूनही तो पक्ष संपला नाही. याचे मूळ फार मागे आहे.

१९४५ साली वेठबिगारीविरुद्ध वारल्यांनी बंड पुकारले. त्यांच्या पाठीशी गोदावरी व शामराव परुळेकर उभे होते. हे शामराव १९३७ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबईच्या कायदेमंडळात निवडून गेले होते, हे आपल्या तरुणांपैकी किती जणांना ठाऊक आहे? पुढे त्यांची वाट वेगळी झाली. पण खोताच्या व सावकाराच्या तावडीतून कष्टकऱ्याला सोडवायचे, हा धडा त्यांनी त्या पक्षात असताना गिरवला होता. डहाणू-तलासरीचा माणूस निवडणुकीपूर्वी अनेक वर्षे संघटनेत उभा होता. म्हणून तेथे उमेदवाराला झेंड्याखाली यावे लागते. जेथे संघटना नाही तेथे मतदार उमेदवाराच्या मागे धावतो आणि उमेदवार तिकिटाच्या मागे.

जागा त्यांची, मत सर्वांचे

आता मुद्द्याचे बोलू. बोईसरमध्ये विदर्भ, मराठवाडा, खानदेश, कोकण येथून नोकरीसाठी आलेली आपली कुटुंबे आहेत. ‘जागा आदिवासींची, आपला माणूस उभा राहू शकत नाही, मग आपल्याला काय त्याचे?’ असे आम्ही अनेकदा ऐकतो. हे बोलणे बरोबर नाही.

मतदारसंघ फेररचनेच्या कायद्यात अनुसूचित जमातींच्या जागा त्यांचे प्रमाण सर्वांत जास्त असेल तेथे द्यायच्या असतात. २०११ च्या जनगणनेनुसार पालघर जिल्ह्याच्या भागात आदिवासींचे प्रमाण सुमारे ३७ टक्के होते. अनुसूचित जातींच्या जागा राज्याच्या निरनिराळ्या भागांत विखरून द्यायच्या असतात. म्हणून ठाणे जिल्ह्यात अंबरनाथ अनुसूचित जातींसाठी राखीव झाले आणि पालघर जिल्ह्यात अशी एकही जागा नाही. राज्यातील २८८ जागांपैकी २९ अनुसूचित जातींच्या व २५ अनुसूचित जमातींच्या आहेत. बोईसरची जागा आपल्या वाट्यातून गेलेली नाही. ती आदिवासींच्या हक्काची आहे.

पण उभे राहण्याचा हक्क एका समूहाचा असला तरी निवडून देण्याचा हक्क सर्वांचा आहे. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारापासून राखीव जागांना संयुक्त मतदारसंघ जोडले गेले. अशा मतदारसंघात इतरांच्या मतांवर निवडून आलेला प्रतिनिधी आपल्या समाजाचे ऐकेल की इतरांचे, ही बाबासाहेबांची चिंता होती. १९५२ साली मुंबईत राखीव जागेवर खुद्द त्यांनाच काँग्रेसच्या काजरोळकरांकडून पराभव पत्करावा लागला. ‘आमचा प्रतिनिधी दुसरेच निवडतात’ हे दुःख आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो.

बोईसरमध्ये मात्र ते ‘दुसरे’ आपण आहोत. आदिवासींचा प्रतिनिधी निवडताना आपल्या मताचेही वजन पडते. ते आपण कशावर टाकतो? मंडळाला मिळालेल्या वर्गणीवर, की पाड्यावरच्या पाण्यावर? तारापूरचे औद्योगिक क्षेत्र केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात देशात पहिल्या क्रमांकावर होते. ते नाल्यात सोडलेले पाणी कामगाराच्या चाळीजवळून वाहते, तसेच आदिवासीच्या व मच्छीमाराच्या दारातूनही वाहते. पालघर-डहाणूच्या शेतीसाठी बांधलेल्या सूर्या प्रकल्पाचे पाणी वसई-विरारच्या नळांत गेले. अणुऊर्जा केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचासाठी पोफरण व अक्करपट्टी या गावांना घरदार सोडावे लागले. हे प्रश्न एका जातीचे नाहीत. जो उमेदवार पाड्यावर एक आणि चाळीत दुसरे बोलतो, त्याला दोन्हीकडच्या माणसांनी एकत्र बसून विचारले तर त्याला एकच उत्तर द्यावे लागेल.

यादीत नाव हवे

हे सारे होण्यासाठी आधी नाव मतदार यादीत पाहिजे. आम्ही व आमचे सहकारी विहाराबाहेर टेबल टाकून अर्ज भरून देतो, तेव्हा एकच उत्तर वारंवार मिळते : ‘नाव गावच्या यादीत आहे, येथे भाड्याची खोली आहे.’ एक भगिनी म्हणाली, ‘घरमालक भाडेपावती देत नाही, मग नाव कसे लागणार?’

बंधू-भगिनींनो, नाव लागण्यासाठी स्वतःचे घर लागत नाही. तुम्ही जेथे नेहमी राहता तेथले तुम्ही मतदार. भाडेपावती नसेल तर रहिवासाचा दुसरा कोणता पुरावा चालेल, हे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला विचारा. नवीन नावासाठी अर्ज क्रमांक ६ आणि जागा बदलली असल्यास अर्ज क्रमांक ८ भरायचा. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर या चारही तारखांना १८ वर्षे पूर्ण करणाऱ्या मुलामुलींना नाव नोंदवता येते. दोन ठिकाणी नाव ठेवू नका. त्यासाठी खोटे निवेदन करणे गुन्हा आहे. सासरी आलेल्या मुलीचे नाव माहेरच्या यादीतच राहून जाते, तेही पाहा. ज्या मतदारसंघात २०१९ चा निकाल ३,००० हूनही कमी मतांवर ठरला, तेथे एका चाळीतील न नोंदलेली नावे ही किरकोळ बाब नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विधानसभा व लोकसभेतील राखीव जागांची मुदत १०४ व्या घटनादुरुस्तीने २५ जानेवारी २०३० पर्यंत वाढवली आहे. २०२७ ची जनगणना जाहीर झालेली आहे. मतदारसंघांच्या सीमा आणि राखीव जागा डोकी मोजून ठरतात. १३१ क्रमांकाच्या या जागेच्या आजच्या सीमा कायमच्या नाहीत. म्हणून प्रगणक दारात आला की घरातील एकही माणूस मोजायचा राहू देऊ नका.

झेंडा कोणाचा, हे उमेदवार ठरवील. प्रश्न कोणता, हे आपण ठरवायचे आहे. पुढच्या निवडणुकीपूर्वी एकदा तरी चाळीतल्या माणसांनी पाड्यावर जाऊन बसावे, त्यांचे ऐकावे, आपले सांगावे. उमेदवार दारात येईल तेव्हा त्याच्यापुढे ठेवायचा कागद तेथेच तयार होईल.

जय भीम!