मुलांच्या कण्याची वक्रता आणि ब्रेसचा उपचार

आमच्या वार्षिक अहवालात शस्त्रक्रियांची संख्या, नवी यंत्रसामग्री आणि खाटांचा विनियोग यांना नेहमीच अग्रस्थान मिळते. ब्रेसचा उपचार या कोणत्याच सदरात बसत नाही. ज्या मुलामुलींना ब्रेस दिला जातो, ती दाखल होत नाहीत, शस्त्रक्रियागृहात जात नाहीत. बाह्यरुग्ण विभागात येतात आणि घरी परततात. खरा उपचार घरीच होतो. त्यामुळे देणगीदारांना त्याचे स्वरूप ठाऊक नसणे स्वाभाविक आहे, आणि पालकांच्याही मनात अनेक शंका असतात. म्हणून हा लेख.

पाठीमागून पाहिले असता निरोगी कणा सरळ दिसतो. तो एका बाजूस झुकतो आणि त्याच वेळी मणके स्वतःभोवती पिळले जातात, तेव्हा त्या स्थितीस स्कोलिओसिस म्हणतात. क्ष-किरण चित्रावर हा बाक अंशांत मोजतात. मोजण्याची पद्धत अमेरिकेतील डॉ. जॉन कॉब यांनी १९४८ साली मांडली व आजही तीच वापरात आहे. बाक १० अंश वा अधिक असेल तरच त्यास स्कोलिओसिस म्हणावयाचे. किशोरवयात शंभरातील दोन ते तीन मुलांमध्ये तो आढळतो. बहुतेकांचा बाक लहान असतो व त्यास काहीही करावे लागत नाही. मोठे, वाढत जाणारे बाक मात्र मुलींमध्ये कितीतरी अधिक दिसतात.

दप्तराच्या ओझ्यामुळे, एका कुशीवर झोपल्यामुळे, वाकून अभ्यास केल्यामुळे हे झाले असावे, अशी खंत आईवडील वारंवार बोलून दाखवतात. या समजाला वैद्यकीय आधार नाही. (दप्तर हलके असावे, याबद्दल आमचे दुमत नाही.) किशोरवयातील बहुसंख्य बाकांचे नेमके कारण सांगता येत नाही. त्यात ना मुलाचा दोष असतो, ना पालकांचा.

अडचण असते ती उशिरा लक्षात येण्याची. या वयात पाठ बहुधा दुखत नाही. मुले आपली आपण अंघोळ करू लागली की, त्यांची उघडी पाठ आईच्या दृष्टीस पडत नाही आणि मुलींच्या बाबतीत ओढणी उरलेले झाकून टाकते. पुष्कळदा प्रथम शंका येते ती शिंप्याला, कारण कुर्त्याची एक बाजू खाली उतरते. घरी करता येण्याजोगी तपासणी सोपी आहे. मुलाने पाय जुळवून, गुडघे सरळ ठेवून, हात खाली सोडून पुढे वाकावे आणि मोठ्या माणसाने मागून पाहावे. पाठीची एक बाजू उंच दिसली, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. इंग्लंडमधील विल्यम ॲडम्स यांनी १८६५ साली वर्णिलेली ही तपासणी आजही पहिली पायरी आहे.

ब्रेस सर्वांसाठी नाही. साधारणतः २५ ते ४० अंशांचा बाक आणि अजून शिल्लक असलेली उंचीची वाढ, या दोन्ही गोष्टी असतील तेव्हा तो सुचवला जातो. वाढ पूर्ण झालेल्या तरुणीस त्याचा उपयोग होत नाही. बाक ५० अंशांपलीकडे गेला, तर तो प्रौढपणीही हळूहळू वाढत राहण्याचा संभव असतो, म्हणून तेथे शस्त्रक्रियेचा विचार होतो. आहे तो बाक वाढू न देणे हे ब्रेसचे काम. कणा पूर्ण सरळ होईल, या अपेक्षेने कोणी ब्रेस घेऊ नये. निराशा पदरी येते व ब्रेस कपाटात जातो.

१९४० च्या दशकात डॉ. ब्लाउंट व डॉ. श्मिट यांनी अमेरिकेतील मिलवॉकी शहरात तयार केलेला ब्रेस लोखंडी पट्ट्यांचा असून गळ्याभोवती कडे असे; तो लपवणे अशक्य होते. १९७० च्या दशकात बॉस्टन येथे काखेखाली संपणारा, कपड्यांच्या आत घालता येणारा प्लास्टिकचा ब्रेस आला. आज दिले जाणारे बरेचसे ब्रेस याच धर्तीचे असतात. प्रथम धडाचा साचा घेतात, त्यावरून तयार केलेल्या आकृतीवर तापवून मऊ केलेला प्लास्टिकचा पत्रा बसवतात. बाक जेथे बाहेर आला आहे तेथे आतून गादी दाबते आणि विरुद्ध बाजूस मोकळी जागा ठेवतात, म्हणजे शरीर तिकडे सरकते. काही आठवड्यांनी ब्रेस घालूनच क्ष-किरण चित्र काढतात, त्यावरून दाब योग्य जागी आहे की नाही ते कळते.

ब्रेसचा खरोखर उपयोग होतो का, याविषयी डॉक्टरांमध्येच दीर्घकाळ मतभेद होते. अमेरिका व कॅनडातील २५ केंद्रांमध्ये २४२ मुलांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. ब्रेस दिलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला. केवळ देखरेखीखाली ठेवलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. म्हणजे जवळपास निम्मी मुले ब्रेसविनाही निभावली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आम्हांस मात्र त्यातील दुसरा आकडा अधिक मोलाचा वाटतो. ब्रेसमध्ये बसवलेल्या तापमान-नोंदकामुळे तो प्रत्यक्षात किती तास घातला गेला, हे कळत होते. दिवसाला सरासरी सुमारे १३ तास वा अधिक ब्रेस घालणाऱ्या मुलांत यशाचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेले.

वाणिज्य शाखेच्या माणसाला हा हिशेब लगेच उमगतो. ब्रेसची किंमत देणगीतून भागवता येते. तास मात्र मुलाने व त्याच्या घरच्यांनीच भरावयाचे असतात. डॉक्टर बहुधा दिवसाचे १६ ते २० तास सांगतात आणि हे एक-दोन वर्षे, कधी अधिक काळ चालते. आपल्याकडील एप्रिल-मेच्या उकाड्यात ते किती कठीण आहे, हे आम्ही जाणतो. आत बिनशिवणीची सुती बनियन घालावी, ती दिवसातून दोन-तीनदा बदलावी. ब्रेसखाली तेल वा मलम लावू नये. त्वचा मऊ पडून सोलवटते. ब्रेस काढल्यावर दिसणारी लाली अर्ध्या तासात गेली तर चिंता नसावी, न गेल्यास दाखवावे. अंघोळ व खेळ यांसाठी तो काढता येतो, आणि खेळणे बंद करू नये. वर्गशिक्षकांना विश्वासात घ्यावे. मुलीच्या लग्नाच्या काळजीने काही कुटुंबे ब्रेस केवळ रात्रीच, कोणाला न कळता घालू देतात. त्यांची भीती आम्हांस समजते, परंतु त्यात दिवसाचे तास बुडतात, आणि वाढीची ती वर्षे पुन्हा मिळत नाहीत.

आता खर्चाविषयी. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात, हे वाचकांस ठाऊक आहेच. ब्रेस घेणारे मूल खाटेवर येतच नाही, म्हणून खाटांच्या या हिशेबात ते दिसत नाही. शिवाय मूल वाढते आणि ब्रेस तोकडा पडतो. पहिल्या ब्रेसला मदत मिळाली, दुसऱ्याला मिळाली नाही, तर पहिल्याचाही बराचसा उपयोग वाया जातो. यास्तव देणगीदारांस आमची विनंती असते की, एका ब्रेसऐवजी एका मुलाची वाढ पूर्ण होईपर्यंतची जबाबदारी घ्यावी. दर चार-सहा महिन्यांच्या तपासण्या व येण्याजाण्याचे भाडेही त्यात धरावे. दूरच्या गावातील कुटुंबाचा मजुरीचा बुडालेला दिवस हा देखील खर्चच आहे.

काही पालक उपचार संपल्यावर जुना ब्रेस दान म्हणून आणून देतात. व्हीलचेअर वा वॉकर दुसऱ्यास देता येतो, ब्रेस देता येत नाही; तो एकाच शरीराच्या साच्यावर घडवलेला असतो. तरीही त्यांपैकी दोन ब्रेस आम्ही विभागात ठेवून घेतले आहेत. नव्याने येणारी मुले ते हातात घेऊन, पट्टे लावून-सोडून पाहतात.