जुन्या मेज-संगणकांची दुरुस्ती आणि अडकून पडलेला मराठी मजकूर : मुळशी परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

मुळशी म्हटले की मराठी वाचकास १९२१ चा सत्याग्रह आणि टाटांचे धरण आठवते. गेल्या दोन-अडीच दशकांत त्यात हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानाची भर पडली. तिसरी एक ओळख मात्र तुलनेने कमी परिचित आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी जात्यावरील ओव्यांचे जे विशाल संकलन उभे केले, त्यात मुळशी तालुक्यातील कोळवडे यांसारख्या गावांतील स्त्रियांचा वाटा मोठा आहे. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने या ओव्या संगणकीय संचयात आल्या आणि २०१७ पासून ‘पारी’च्या संकेतस्थळावरून त्या वाचकांपर्यंत पोहोचू लागल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा संचय आज उपलब्ध आहे, याचे कारण तो वेळोवेळी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर, एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात नेणारी माणसे त्याला लाभली. त्याच काळात संगणकावर उतरलेल्या इतर पुष्कळ मराठी मजकुराच्या वाट्याला असे भाग्य आले नाही.

जुने मेज-संगणक दुरुस्त करणे हा सर्वसाधारणपणे छंद मानला जातो, आणि तो छंदच आहे. परंतु महाराष्ट्रात त्यास एक प्रयोजनही आहे. त्या प्रयोजनाचे आणि दुरुस्तीच्या पद्धतीचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

मजकूर कोठे अडकतो?

१९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. आयआयटी कानपूर येथे आकारास आलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान पुढे या संस्थेकडे आले. जिस्ट कार्ड ही संगणकाच्या मदरबोर्डवरील खाचेत बसवावयाची एक स्वतंत्र पाटी होती. तिच्यामुळे डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटत. या मजकुराची संकेतपद्धती म्हणजे ‘इस्की’. १९९१ मध्ये तिला भारतीय मानकाचे स्वरूप मिळाले. कार्ड काढून तीच फाइल उघडली तर रेघा, चौकटी आणि ग्रीक अक्षरे यांची विचित्र गर्दी दिसते. पुढे विंडोजच्या काळात आलेल्या श्रीलिपीसारख्या प्रणालींनी फाँटनिहाय संकेत वापरले. तो फाँट नसलेल्या यंत्रावर मराठी परिच्छेदाच्या जागी रोमन अक्षरांचा निरर्थक समूह येतो. शिवाय त्या काळातील अनेक प्रणालींबरोबर प्रिंटरच्या पोर्टला लावावयाचे एक कुलूप येई. ते हरवले की प्रणाली चालत नसे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. इस्कीतील फाइल हाती असेल तर तिचे युनिकोडमध्ये रूपांतर आजच्या संगणकावरही करता येते. त्यासाठी जुने यंत्र जिवंत करण्याची गरज नाही. यंत्र लागते ते तीन प्रसंगी. फाइल अद्याप फ्लॉपीत किंवा जुन्या हार्ड डिस्कमध्ये असते. ती कुलूपबंद प्रणालीच्या खास स्वरूपात असते. किंवा रूपांतरात जोडाक्षरे बिघडली नाहीत ना, हे मूळ पडद्याशी ताडून पाहावयाचे असते. तिसरे कारण अभ्यासकांकडून सर्वाधिक दुर्लक्षित राहते. बोलीभाषेतील शब्द कोशात नसल्याने रूपांतरातील चूक केवळ वाचून लक्षात येत नाही.

दुरुस्तीचा क्रम

पहिला नियम असा की यंत्र चालू करू नये. प्रस्तुत लेखकाने एकदा उत्साहाच्या भरात एका महाविद्यालयाच्या भांडारातील ३८६ प्रकारचा संगणक न उघडताच विजेला जोडला. वीजपुरवठा पेटीतील कपॅसिटर फुटला आणि धुराने खोली भरली. डिस्क वाचली, पण ती केवळ योगायोगाने.

यंत्र उघडल्यावर प्रथम बॅटरी पाहावी. २८६ ते ४८६ या पिढीतील अनेक मदरबोर्डांवर पिंपाच्या आकाराची ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती कालांतराने पाझरते आणि तिच्यातील अल्कधर्मी द्राव तांब्याच्या बारीक वाहिन्या खातो. हिरवट-पांढरा थर दिसल्यास बॅटरी कापून काढावी, कापसाच्या काडीने पांढरा व्हिनेगर लावून थर विरघळवावा, नंतर ऊर्ध्वपातित पाण्याने व शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा स्वच्छ करावी. तुटलेल्या वाहिन्या बारीक तारेने जोडता येतात. या कामास डोळा आणि चिकाटी दोन्ही लागतात.

वीजपुरवठा पेटीबाबत मात्र धाडस नको. २३० व्होल्टच्या विजेचे एकदिशीकरण झाल्यावर आतील मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि वायर काढल्यानंतरही ते काही काळ टिकू शकतात. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये तर हा आकडा हजारांत जातो. अनुभवी तंत्रज्ञाखेरीज कोणी ते उघडू नयेत.

बॅटरी गेल्याचा आणखी एक परिणाम होतो आणि त्यापायी कितीतरी चांगल्या डिस्क भंगारात गेल्या असाव्यात. १९८४ च्या ‘एटी’ प्रकारापासून हार्ड डिस्कची मापे, म्हणजे सिलिंडर, हेड आणि सेक्टर यांच्या संख्या, बॅटरीवर टिकणाऱ्या स्मृतीत नोंदलेली असत. बॅटरी संपली की नोंद पुसली जाते आणि संगणक डिस्क नसल्याचे सांगतो. पाहणारा ‘डिस्क गेली’ असा निष्कर्ष काढतो. वास्तविक त्या आकड्यांची चिठ्ठी पुष्कळदा डिस्कवरच चिकटवलेली असते. सेटअपमध्ये जाऊन, बहुधा ‘प्रकार ४७’ निवडून, ते आकडे भरले की तीस वर्षांपूर्वीची फाइलसूची पडद्यावर उभी राहते.

ओलावा

मुळशीचा पूर्व भाग आणि ताम्हिणीचा घाटमाथा यांच्या पावसात कित्येक पटींचे अंतर आहे. घाटाकडील गावांत चार महिने ओल हटत नाही. फ्लॉपीच्या चुंबकीय थरावर बुरशी धरते. अशी फ्लॉपी तशीच वाचकात घातली तर थर खरवडला जातो आणि वाचकाचे हेड मळून पुढील चांगल्या फ्लॉपीही बिघडतात. म्हणून तबकडी हाताने फिरवून, उजेडात धरून तपासावी. हे काम हिवाळ्यातच करावे, असे लेखकाचे मत आहे.

वाचनापूर्वी फ्लॉपीवर काही लिहिले जाणार नाही याची खात्री करावी. सव्वापाच इंची फ्लॉपीची कडेची खाच चिकटपट्टीने बंद करावी. साडेतीन इंचीची खिडकी, उलट, उघडी ठेवावी. या उलटसुलट संकेताने अनेकांची फसगत होते. यूएसबीवर चालणारे वाचक केवळ साडेतीन इंची फ्लॉपीसाठी मिळतात. सव्वापाच इंचीसाठी मूळ वाचकच लागतो. सोनीने २०११ मध्ये फ्लॉपीचे उत्पादन थांबवले, हेही ध्यानात घ्यावे.

डेडस्टॉक नोंदवहीचा प्रश्न

महाविद्यालयांत हा विषय अखेर डेडस्टॉक नोंदवहीपाशी येतो. ई-कचऱ्याचे नियम १ मे २०१२ पासून आणि सुधारित नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नादुरुस्त यंत्रे अधिकृत पुनर्चक्रण केंद्राकडे जाणे योग्यच आहे. अडचण क्रमाची आहे. निर्लेखनाच्या अर्जात यंत्राची किंमत, खरेदीचे वर्ष आणि स्थिती यांच्या नोंदी असतात. आत कोणाचा मजकूर आहे, यासाठी रकाना नसतो. मूल्यांकन समितीच्या भेटीपूर्वी कपाटे रिकामी करण्याची घाई उडते तेव्हा तर हा प्रश्न कोणी विचारतही नाही. त्या कपाटांत प्रबंधाच्या टिपणांच्या, वार्षिक अंकाच्या किंवा विद्यार्थ्यांनी गावोगावी फिरून जमवलेल्या लोकगीतांच्या फ्लॉप्या असू शकतात.

वर उल्लेखिलेल्या ३८६ संगणकात जिस्ट कार्ड होते. नवा वीजपुरवठा बसवून आणि डिस्कची मापे भरून तो सुरू झाला, तेव्हा एका फाइलसंचात मराठी विभागाची सर्वेक्षण-टिपणे आढळली. त्यांपैकी बहुतेक फाइली उतरवून घेता आल्या. सोबतच्या खोक्यातील अकरा फ्लॉप्यांपैकी चार बुरशीमुळे वाचता आल्या नाहीत. त्यांवरील चिठ्ठ्यांवर गावांची नावे शाईने लिहिलेली आहेत, तेवढी वाचता येतात.